ज्याचा त्याचा दोर

आमच्या तंत्रनिकेतनात ऐवळे सरांना मुलं ‘हवामान खातं’ म्हणायची. खरं हवामान खातं निदान अधूनमधून चांगल्या पावसाचा अंदाज देतं. ऐवळे सरांकडे तसला अंदाज नसायचाच. आभाळ निरभ्र असलं की ते जास्तच काळजीत पडत. कुणी म्हणालं, “सर, यंदा प्रवेश चांगले झाले,” की ते चष्मा काढून पुसत आणि म्हणत, “चांगलं चाललंय? मग बघाच आता.”

मी साताऱ्याची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सांगलीत गणित शिकवायला रुजू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन गेले होते. सगळ्यांनी पेढे घेतले, स्वागत केलं. ऐवळे सर संगणक शिकवायचे, वयानं माझ्याहून बरेच मोठे. त्यांनी पेढा हातात धरून विचारलं, “मॅडम, जागा आवडली?”

“हो, खूपच.”

“मग जपून राहा,” असं म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला.

मला वाटलं, काय खडूस माणूस आहे! पुढं कळलं की हे त्यांचं प्रेमानं बोलणं होतं. ज्याची काळजी वाटायची नाही त्याला ते अंदाज सांगतच नसत.

अंगानं उंच, सावळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. बाकीच्यांच्या खिशाला पेन असायचं, त्यांच्या खिशाला छोटा स्क्रू ड्रायव्हर. चहाचा कप स्वतःचा, खडू स्वतःचे, डस्टरसुद्धा घरून आणलेलं. कॅन्टीनला नवा ठेकेदार आला आणि काठोकाठ भरलेला मोठा ग्लास चहा देऊ लागला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टाफरूममधला स्टोव्ह मोडीत काढला. ऐवळे सर एकटेच नको म्हणत होते. दिवाळीच्या आत ग्लास लहान झाला, चहा पातळ झाला आणि स्टोव्ह तर गेलेलाच होता. “मिळतंय तर घ्या,” ते म्हणायचे, “पण आपलं टाकू नका.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, हिशेब नाही.

मूळचे ते जत तालुक्यातले, पार कर्नाटकाच्या सीमेकडचे. शिक्षण औरंगाबादला, काही वर्षं मुंबईत नोकरी, मग सांगलीत आले. वर्गात अगदी तोलूनमापून बोलत. मनातून हलले की गावाकडची बोली बाहेर पडे, आणि यंत्र ऐकेनासं झालं की ते त्याच्याशी कानडीत बोलू लागत. त्या बोलण्याचा अर्थ आम्ही कधी विचारला नाही. एकूण सुरावरून तो बायकांना सांगण्यासारखा नसावा.

राहायला मिरजेत होते, सतारी बनवणाऱ्यांच्या शेजारी. दिवसभर भिंतीपलीकडे तारा लावण्याचा आवाज. त्यामुळेच आपला कान तयार झाला, असं ते सांगत. हा कान मी स्वतः पाहिलेला आहे. लॅबमध्ये मुलं टायपिंग करत असताना सर टोकाच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. मुलांना वाटायचं, डुलकी लागली. तेवढ्यात आवाज यायचा, “भोईटे, तेच तेच खोडत बसू नकोस. आधी काय लिहिलंय ते वाच.” वैशाली भोईटे फलटणकडच्या ऊसवाल्या घरातली मुलगी. ती दचकून हात मागं घ्यायची. कळफलकाच्या आवाजावरून कोण घाबरलंय, कोण नुसतं उतरवून काढतंय, कुणाला खरंच उमगलंय, हे त्यांना कळत असे. “लॅब बोलत असती, मॅडम,” ते मला म्हणाले होते. “बसून ऐकायचं फक्त.”

या माणसाला मी मनापासून आनंदलेलं एकदाच पाहिलं. बंगळूरला असलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं त्यांना फ्लॉपींचा गठ्ठा पाठवला होता. त्यात लिनक्स होतं. संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याचा सगळा कारभार बघणारी जी प्रणाली असते, ती तेव्हा कंपन्यांकडून कुलूपबंद मिळायची. वापरा, पण आत डोकावू नका. ही नवी प्रणाली जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिली होती आणि तिचा मूळ मजकूर सोबत दिला होता. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणाची परवानगी नको. गठ्ठ्यातली एक फ्लॉपी नेमकी खराब निघाली, तर सर तेवढ्यासाठी मिरजेहून रेल्वेनं पुण्याला जाऊन ती एक फ्लॉपी घेऊन आले. पडद्यावर पहिल्यांदा पांढरी अक्षरं सरसर वर चढली तेव्हा मला वर्गातून बोलावणं आलं. मी गेले, बघितलं. मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही.

“मॅडम, ह्याला कुलूपच न्हाई,” सर म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. “दारच न्हाई बसवल्यालं. कुनीबी यावं.”

त्या दिवशी त्यांनी सगळ्या लॅबला भडंग वाटलं. मी म्हटलं, चला, हवामान खात्याला एकदाचं ऊन पडलं. ते ऊन आठवडाभर टिकलं. पुढच्या सोमवारी सर स्टाफरूममध्ये आले तेच चष्मा पुसत.

“हे लय मोठं होनार,” ते म्हणाले.

“मग चांगलंच की!”

“चांगलं हाय म्हनूनच तर. आज चार येडे लोक हौसेनं लिहितात. उद्या कंपन्या त्यांनाच पगारावर घेतील. मग कंपनीला पायजे तेच लिहिलं जाईल. मजकूर उघडाच ऱ्हाईल, पर इतका वाढंल की एका मानसाच्या डोक्यात मावायचा न्हाई. आनि लोकांला सगळं आयतं बांधून मिळायला लागलं की वाचनार कोन?”

मी हसले. जे अजून सांगलीत धड पोचलंसुद्धा नाही, त्याच्या म्हातारपणाची चिंता हा माणूस आत्ताच करत होता. बारशाच्या दिवशी पोराच्या नातवंडांचं कसं होणार म्हणून कपाळाला हात लावावा, त्यातला प्रकार! आज माझ्या हातातल्या फोनच्या पोटातही तेच लिनक्स आहे म्हणतात. तो फोन मला उघडतासुद्धा येत नाही. हल्ली मी तितकीशी हसत नाही.

त्यानंतर सरांनी लॅबमध्ये एक नियम केला आणि त्या नियमापायी मुलांच्या तोंडचं पाणी पळवलं. दुसऱ्या वर्षात आलेल्या प्रत्येकानं आपल्या वाटणीचं यंत्र कोरं करायचं आणि मूळ मजकुरापासून सगळी प्रणाली स्वतः उभी करायची. तिचा गाभा आपल्या यंत्राच्या बेतानं घडवायचा. तयार केलेलं दुसऱ्याकडून उचलायचं नाही. आमची यंत्रं इतकी धिमी होती की सकाळी लावलेलं काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालायचं. मुलं डबे घेऊन यंत्रांसमोर बसायची आणि पडद्यावर एखादी चूक दिसली की घास तसाच हातात राहायचा. वैशालीचं यंत्र एकदा नाही, दोनदा नाही, लागोपाठ अडत राहिलं. ती रडवेली झाली. सर शेजारी उभे होते, चूक कुठं आहे ते त्यांना दिसत होतं, पण ते तोंड उघडेनात.

मला राहवलं नाही. बाहेर आल्यावर म्हटलं, “सर, पोरीला एवढं छळायचं काय कारण? दाखवा की.”

लिंबाखालच्या कट्ट्यावर ते बसले. मग त्यांनी मला गावच्या विहिरीची गोष्ट सांगितली. तोपर्यंत घरादाराबद्दल ते चकार शब्द बोलले नव्हते.

“आमच्या गावची इहीर लय खोल. माझ्या आजीला त्या इहिरीवर दोर टाकू देत न्हवते. कडंला बसायचं, कुनाला दया आली तर त्यानं वरनं वतायचं, हिनं ओंजळ धरायची. वतनाऱ्याच्या मनावर. बापाच्या टायमाला ते मोडलं. लई भांडून मोडलं. इहीर समद्यांची झाली. पर आमच्याकडं रीत हाय, इहीर गावाची असली तरी दोर ज्याचा त्यानं आनायचा. बापानं घायपाताचा वाख काढून सवताच्या हातानं दोर वळला. गावात सगळ्यात लांब दोर आमचा. उन्हाळ्यात पानी तळाला गेलं की ज्यांनी वतलं न्हवतं तेबी आमचा दोर मागायला यायचे.”

“मग?”

“मग एका मोठ्या मानसानं गावाला मोटार बसवून दिली. फुकट. बटन दाबलं की नळाला पानी. गावानं त्याचा सत्कार केला, माझ्या बापानं हार घातला. लोकांनी दोर शेरडांला बांधले, कुजवले. दोन उन्हाळे बरे गेले. मग त्या मानसाचं गावाशी बिनसलं, त्यानं मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं. इहीर उघडी व्हती, मॅडम. कुनी अडवलं न्हवतं. वाकून बघितलं की तळाला पानी दिसायचं. पर दोर कुनाकडं न्हाई, आनि नव्या पोरांला वळायला येईना. मग त्यो दिवसातनं एकदा मोटार सोडायचा. कडंला रांग लावून उभं ऱ्हायचं. वरनं पडंल तेवढं घ्यायचं.”

मग म्हणाले, “फरक इतकाच, की ह्या खेपंला समदा गाव आजीच्या जागेवर बसलावता.”

लॅबमध्ये एकदम आरडाओरडा झाला. वैशालीचं यंत्र चालू झालं होतं. ती धावत बाहेर आली, “सर, झालं! माझं मी केलं!” सर नुसते “हं” म्हणाले. ती आत गेल्यावर मला म्हणाले, “एक दोर वळला गेला.” तेव्हापासून आम्ही दोघं त्या नियमाला ‘दोर वळणं’च म्हणू लागलो. मुलांनाही तो शब्द लागला. “सर, माझा अजून अर्धा वळायचाय,” असं ती बिनदिक्कत म्हणायची.

पुढं कधीतरी मी त्यांच्या घरी मिरजेला गेले होते, तेव्हा दारामागच्या खुंटीवर वडिलांचा दोर वेटोळं करून टांगलेला पाहिला. नगरपालिकेचा नळ दारात वाहत होता. वहिनी हसून म्हणाल्या, “कपडे वाळत घालायलासुद्धा देत नाहीत बघा.”

डोळ्यांचं प्रकरण मला आधी लक्षात आलं नाही. स्टाफरूममध्ये त्यांचा कप बाजूला सरकवला तर तो त्यांना सापडेना. दाराच्या चौकटीला खांदा घासू लागला. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. एकदा मी टोकलं, तर म्हणाले, “ह्या खेपंला अंदाज माझ्या सवताबद्दल हाय. काचबिंदू. मिरजंत इतके डॉक्टर, सगळ्यांला दाखवून झालं. कडंनं अंधार आत येत चाललाय. थांबवता येईल, असं कुनी म्हनत न्हाई.”

सरच म्हणाले, “काळ्या पडद्यावरचं काम मला डोळे मिटूनबी येतं. कळफलक हाताला पाठ हाय. पोरं वाचून दाखवतील, मी सांगीन. लॅब हाय तवर माझं अडत न्हाई. पर माझ्या मागं शिकवनारा तयार व्हायला पायजे. तेवढाच टाइम हाय.” आणि मग कडक आवाजात, “हे कुनाला बोलायचं न्हाई.”

म्हणजे आता त्या लॅबवर सरांचं सगळंच टांगलेलं होतं. त्यांची नोकरी तर होतीच, शिवाय त्यांच्या माघारी तो दोर कुणाच्या हातात राहणार, हेही होतं. हे ठाऊक असलेली मी एकटीच.

अशात पुण्याची एक कंपनी आली. संस्थेला नवीकोरी यंत्रं, रंगीत पडदे, प्रत्येकाला माऊस, सगळं भेट. त्यावर लिनक्सच, पण कंपनीनं सजवून, बांधून दिलेलं. चित्रांवर टिचकी मारली की काम होतं. मुलांना कंपनीचं प्रमाणपत्र मिळणार, त्यावर नोकऱ्या मिळणार. अट साधी होती. लॅब कंपनीच्या अभ्यासक्रमानं चालवायची, आतल्या गाभ्याला हात लावायचा नाही, बिघडलं तर कंपनीला फोन करायचा. आमचे प्राचार्य भला माणूस. नव्या गोष्टीचं त्यांना लहान मुलासारखं वेड होतं. त्यांनी सगळ्या स्टाफची बैठक लावली, पेपरात बातमी द्यायचंही ठरवून टाकलं.

कंपनीकडून प्रात्यक्षिक दाखवायला कोण यावं? वैशाली भोईटे. आता पुण्यात नोकरीला, केस कापलेले, आवाजात आत्मविश्वास. आल्या आल्या तिनं सगळ्यांदेखत वाकून सरांना नमस्कार केला. सरांचा हात तिच्या डोक्यावर जरा जास्तच वेळ राहिला.

तिनं फार छान दाखवलं, अगदी मलासुद्धा कळलं. सगळ्यांच्या माना डोलू लागल्या. प्राचार्यांनी विचारलं, “ऐवळे, तुमचं मत?”

सर उभे राहिले. “बिघडलं तर फोन करायचा. आनि फोन लागला न्हाई तर?”

बैठकीत हशा पिकला. सांगलीतले फोन तेव्हा पाऊस पडला की बंद पडत, त्यामुळे तो विनोदच वाटला. सर हसले नाहीत.

“मी फुकट मिळालेलं नको म्हनत न्हाई. घ्या. पर जुनी यंत्रं आनि जुना नियम एका कोपऱ्यात तरी ठेवा. दोर ज्याचा त्याच्याकडं ऱ्हाऊ द्या.”

“दोराचा इथं काय संबंध?” प्राचार्यांनी गोंधळून विचारलं.

उत्तर वैशालीनं दिलं. तिला संबंध ठाऊक होता. “सर, तुमच्यामुळंच मी इथं उभी आहे,” ती अगदी हळुवारपणे म्हणाली. “पण आमच्या वर्गातली निम्मी मुलं त्या नियमाला घाबरून संगणक सोडून गेली. दोर वळणं सगळ्यांना जमत नाही, सर. तहान मात्र सगळ्यांनाच लागते.”

मुलगी खोटं बोलत नव्हती. मलाही ते पटलं, आजही पटतं. ऐवळे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“व्हय,” ते म्हणाले. “खरं हाय तुझं. म्हनूनच मला भ्या वाटतंय.” आणि ते खाली बसले.

प्राचार्यांना वाटलं, वाद मिटला. वातावरण हलकं करायला ते म्हणाले, “ऐवळे, तुम्ही स्वतः एकदा चालवून तर बघा. आवडेल तुम्हाला.” वैशालीनं खुर्ची पुढं केली, माऊस त्यांच्या हाताखाली दिला. “सर, वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर बाण न्या.”

सरांचा हात फिरू लागला. पडद्यावरचा तो इवलासा बाण एका टोकाला गेला, दुसऱ्या टोकाला गेला, खाली जाऊन अडकला. तो सरांना सापडतच नव्हता. त्यांची मान वळत होती, बाण पुढं निघून जात होता. कुणीतरी खोकलं. आयुष्यभर ज्या हातांनी न बघता काम केलं, ते हात त्या टेबलावर चाचपडत होते, आणि मला वाटलं, उठून सगळ्यांना ओरडून सांगावं. पण बोलायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं.

“हाताला सवय न्हाई,” असं म्हणून सर उठले.

वैशालीचा चेहरा उतरला होता. बाहेर तिनं मला गाठलं. “मॅडम, सरांना दिसत नाही?” मी नजर वळवली. ती तोंडावर रुमाल धरून कितीतरी वेळ जिन्यावर बसून राहिली. पण यंत्रं यायची होती ती आलीच. तिच्या हातात ते नव्हतं आणि माझ्याही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी सरांना म्हटलं, “डोळ्यांचं सांगितलं असतंत तर प्राचार्यांनी एक कोपरा नक्की ठेवला असता.”

“दयेनं ठेवला असता,” ते म्हणाले. “मग त्येबी वरनं वतलेलंच की.”

जुनी यंत्रं सायकल स्टँडच्या मागच्या शेडमध्ये गेली. सरांना कागदावरचे विषय शिकवायला दिले. फळ्यावरची त्यांची ओळ तिरकी होत होत वर चढायची, मुलं तशीच उतरवून घ्यायची. लॅबमध्ये गर्दी वाढली, इतर शाखांची मुलंही यायला लागली. प्रमाणपत्रं मिळू लागली, काहींना खरोखर नोकऱ्याही लागल्या. सगळं चांगलं चाललं होतं.

मग एका पावसाळ्यात, परीक्षा तोंडावर असताना, लॅबमधली सगळी यंत्रं एका सकाळी सुरू होईनात. आदल्या दिवशी कंपनीनं पाठवलेली नवी सीडी घातली होती, तिच्यात काही गडबड असावी. पडद्यावर काळोख आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी. ज्या अक्षरांनी एके काळी सरांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं, तीच. मुलं माऊस हलवून बघत होती. हलवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुण्याला फोन लावले तर लाइन बंद. मूळ मजकुराची सीडी काचेच्या कपाटात समोर दिसत होती. कपाटाला कुलूपसुद्धा नव्हतं. पण ती काढून काय करायचं, हे त्या भरल्या लॅबमध्ये एकालाही ठाऊक नव्हतं.

प्राचार्य स्वतः स्टाफरूममध्ये आले. “ऐवळे, या हो जरा.” सरांनी एका शब्दानं मागचं काढलं नाही. माझ्या खांद्याला धरून ते आले. एका मुलाला यंत्रासमोर बसवलं आणि म्हणाले, “वाच.”

तो मुलगा पोपटासारखा वाचू लागला. एकेक अक्षर बरोबर, पण वाचतोय काय याचा त्याला पत्ता नव्हता. सरांनी विचारलं, “ह्याचा अर्थ काय व्हतो?” मुलगा म्हणाला, “माहीत नाही सर. तुम्ही सांगा ना काय टाइप करायचं ते.”

प्राचार्य घड्याळ बघत होते. मग सरांनी सांगायला सुरुवात केली. एक ओळ ते बोलायचे, मुलगा ती टाइप करायचा. चुकलं की आवाजावरून त्यांना कळायचं, “खोड. परत.” मधे एकदा ते यंत्राला कानडीत काहीतरी बोलले. हे कुठलं बटण, ते मुलांना कळेना, सगळी हसली. जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला पहिलं यंत्र सुरू झालं आणि लॅबमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्यांनी त्यांचा हात हातात घेतला. एक मुलगी तर पाया पडली.

मी म्हटलं, आता तरी खात्याचा अंदाज कळेल सगळ्यांना. आनंदानं त्यांना कट्ट्यावर घेऊन आले, कॅन्टीनचा चहा मागवला. सरांनी ग्लासला हातच लावला नाही.

“काय झालं सर? जिंकलात की!”

“मी काय केलं बघितलंत न्हवं?” ते म्हणाले. “मी वरनं वतलं. पोरांनी ओंजळ धरली. एकानं तरी इचारलं का, असं का टाकायचं म्हनून? टाळ्या वाजवल्या.” चहा तसाच निवून गेला. मोटार बसवणाऱ्याला आपल्या बापानं हार घातला होता, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. त्या दिवशी मला त्या गोष्टीची पहिल्यांदा भीती वाटली.

त्याच वर्षी त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली. तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि पेपरात रोज यायचं की दोन हजार साल लागताच जगातले संगणक गोंधळणार, बँका अडणार, विमानं पडणार. स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. कागदपत्रांवर सह्या करायला सर डिसेंबरात शेवटचे आले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांना घेरलं. हवामान खात्याचा अंदाज काय?

“त्यानं काई व्हनार न्हाई,” सर म्हणाले. “ज्याची तारीख आधी कळती, त्याची सोय मानसं करत्यात.”

पहिल्यांदाच त्यांनी चांगला अंदाज दिला म्हणून सगळे खूश झाले. मी त्यांच्याबरोबर निघाले. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. एका हातात काठी, दुसरा माझ्या कोपराला. शिपाई, माळी, जुनी मुलं, कुणाचाही आवाज ऐकला की सर त्याला नावानं हाक मारून चौकशी करत होते. वैशालीचं पत्र आल्याचंही सांगितलं. तिनं नोकरी बदलली होती.

व्हरांड्याच्या टोकाला लॅब. पावलांच्या अंदाजानं त्यांना ती बरोबर कळली. दारापाशी ते थांबले, काठी बगलेत धरली, चौकटीवर हात ठेवला आणि पूर्वी खुर्चीत बसून करायचे तशी मान किंचित कलती करून ऐकू लागले.

आत तास चालू होता. एकही खुर्ची रिकामी नव्हती, काही मुलं तर दोघं-दोघं एका यंत्रासमोर बसली होती. सगळ्यांच्या नजरा रंगीत पडद्यांवर, सगळ्यांचे उजवे हात माऊसवर. पंखे फिरत होते. मधूनच कुठंतरी बारीकशी टिक व्हायची.

सर बराच वेळ ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, “मॅडम, आज पोरांला सुट्टी हाय व्हय?”